नऊ अक्षरांचा भाव

क्लीथॉर्प्सच्या बस-थांब्यामागे क्लेम गार्साइडचं दुकान:
चाव्या, बुटांच्या टाचा, घड्याळांचे सेल,
आणि पितळी पट्ट्यांवर कोरून मिळणारी अक्षरं.
अक्षरी तीस पेन्स. स्क्रू चार, ते फुकट.

दर शनिवारी मी तिथे चाव्या घासायचो
आणि इंग्रजी शिकायचो, अक्षराच्या दराने.

'आउट ऑफ ऑर्डर'च्या पाट्या खोक्यात तयारच असायच्या;
गावात काही ना काही बंद पडतंच, क्लेम म्हणायचा.
वकील यायचे. 'ऑन बिहाफ ऑफ' सांगताना
त्यांची जीभ कधी अडखळली नाही.
दहा अक्षरं, खर्च अशिलाचा.
एकाला कुत्र्यासाठी पट्टी हवी होती.
'इन मेमरी ऑफ'चे पैसे ऐकून
त्याने खिशातली नाणी दोनदा मोजली,
म्हणाला, मग नुसतं 'फॉर' लिहा.
तीन अक्षरं. कुत्रं तसं लहानच होतं.

शब्द तीन दिसतात, पण ऐवज एकच, हे क्लेमचं व्याकरण:
आधी 'इन', मग पोटात काहीतरी जड,
आणि शेवटी 'ऑफ', म्हणजे बिजागरी.
ती नसली तर दार भिंतीला टेकून उभं राहतं, नुसतं.

माझ्या भाषेत मुळे, ऐवजी, समोर
नावाच्या पाठीला बिलगून येतात;
आधी माणूस कळतो, मग त्याचं कारण.
इथे कारण पुढे चालतं,
माणूस मागून पोचतो, कधी कधी धापा टाकत.

नोव्हेंबरात नोरीन पास्क आली.
बाकावर लावायची पट्टी, नवऱ्याच्या नावाची.
'लेन पास्क इथे बसायचा',
एवढं तिने लिफाफ्याच्या पाठीवर लिहून आणलं होतं.
पुढे थंडी घाला, म्हणाली.
'इन स्पाइट ऑफ' थंडी.
क्लेमने बोटांवर मोजलं: नऊ.
मी पेन्सिलीने टिपून घेतलं.

हातमोजा अर्धा काढून ती थांबली.
नाही. 'बिकॉज ऑफ' करा.
घरातल्या थंडीबद्दल म्हणतेय मी.
क्लेमने मोजलं: नऊ.

खोडरबराचा चुरा मी फुंकरीने उडवला.
आणि 'इन्स्टेड ऑफ' लिहिलं तर?
थंडीऐवजी? मी विचारलं, मूर्खासारखं.
माझ्याऐवजी, ती म्हणाली.

नऊ, क्लेम म्हणाला. बोटं न उघडता.

असूनही, मुळे, ऐवजी.
तिन्ही वेळा दोन पौंड सत्तर.
एका संसाराचा निकाल बदलत होता
आणि बिलात पेनीचा फरक पडत नव्हता.

बाहेर बस आली, दारं उघडली, मिटली, गेली.
ती तिचीच बस होती, हे तिने नंतर सांगितलं.

चाळीस वर्षं तो तिथे काय बघत होता, देव जाणे,
ती लिफाफ्याशी बोलावं तसं बोलली.
तोंड मात्र समुद्राकडे असायचं. एवढं मी शपथेवर सांगेन.
मग तेवढंच लिहा.
'इन फ्रंट ऑफ.'

या वेळी क्लेमने मोजलं नाही. मी मोजलं.

डिसेंबरात पट्टी लागली. मीच लावली,
चार स्क्रू, एकाची आटी जरा सैल.
बाकावर नोरीन बसलेली असते आता, पिशवी मांडीवर,
थंडी असूनही. किंवा थंडीमुळे. मी विचारलेलं नाही.

ओहोटीला इथला समुद्र मैलभर मागे सरतो,
समोर उरतो चिखल, आणि चिखलात रुतलेली पाखरांची पावलं.
तेव्हा पट्टीवरचं वाक्य खोटं असतं.
मग, सहा तासांत,
हळूहळू खरं होत येतं.