डावीकडून चौथी

सिंकच्या वर, डावीकडून चौथी.
उजवा कोपरा अर्ध्या बोटानं खाली आलेला.
पाहुण्यांना दिसत नाही.
मला मात्र दारातूनच दिसायची,
चपला काढायच्या आधी.

अकरा वर्षं
तिच्या समोर उभी राहून भांडी घासली,
तिच्याकडे पाठ करून भाकरी थापल्या.
एकदा झाकायला म्हणून पुढे तुळशीची कुंडी ठेवली
तर कुंडी सरळ आहे का तेच बघत बसले.

मी पेपर तपासते. दहावीचे, बीजगणित.
लाल पेन, पट्टी, गुणांची बेरीज तीनदा.
माझ्या वहीत अक्षर चुकलं तर पान फाडायचं,
पान फाडलं की मागचं जोडपान सुटायचं,
मग वहीच नवी.
माळ्यावर अशा अर्ध्या वह्यांचं एक पोतं आहे.
लातुरात अठ्ठ्याण्णव म्हणजे दोन कमी.
आण्णांनी पेढा हातात धरून विचारलं होतं,
"दोन कुठं सांडले?"
मी अजून शोधायलेय.

शेवटी मैनोद्दीन मिस्त्रीला फोन केला.
अकरा वर्षांत पुढचे दात गेले होते, स्कूटर तीच.
चष्मा कपाळावर ढकलून
त्यानं छन्नीच्या मुठीनं टाइल वाजवली,
कान लावून, कलिंगड घेताना लावतात तसा.
"पक्की बसलीय म्याडम. पोकळ नाही.
काढली तर शेजारच्या दोघी फुटतेत.
अन् हा माल आता येत नाही."
"पण तिरकी आहे."
"हाव. तिरकी हाय."

एवढंच.
आज बुधवार आहे, असं कुणी सांगावं तसं.
माझ्या तोंडून अशी एखादी चूक
कधी इतकी सरळ बाहेर पडली होती?

चहा तेवढ्यात उतू गेला.
मी जागची हलले नाही, असं लिहायला आवडलं असतं.
धावले. पुसलं. कोरड्या फडक्यानं परत पुसलं.
तो गोलाईत काम आहे म्हणून निघून गेला,
पैसे न घेता,
छन्नी ओट्यावर विसरून.

आमच्या गल्लीत टँकर आठव्या दिवशी येतो.
त्या दुपारी ड्रायव्हर बदलला, नवा नंबर
सत्त्वशीला गच्चीवरून ओरडून सांगत होती.
हातात पेन्सिल होती. वहीही होती,
पण नवी होती.
मी नंबर त्या टाइलवर लिहिला.
बाकीच्या एकशेबारांवर लिहिला नसता.
हिचं काय, ही तर आधीच नापास.

मग दुधाचे खाडे.
मग सत्त्वशीलानं उसनी नेलेली उडदाची डाळ, दोन वाट्या.
मग नुसतं 'पाणी आलं', तारखेशिवाय.
एक सातचा आकडा आहे, कशाचा ते आठवत नाही.
फोडणी उडते, आकडे पिवळे पडतात,
त्यांच्यावरच पुढचे लिहिते.
शेजारच्या एकशेबारा अजून चकचकीत आहेत,
त्यांच्याकडे बघायला मला वेळ होत नाही.

मार्च. गठ्ठा आलाय.
एका पोरानं गणित अर्ध्यावर सोडून
आडवी रेघ मारलीय, खाली पुन्हा सुरू केलंय.
उत्तर बरोबर.
आणि रेघेजवळ, घाईत, बारीक अक्षरात:
'वरचं बघू नका.'

मी वरचं बघितलं.
तेही जवळजवळ बरोबरच होतं,
एका चिन्हापाशी पोरगं घाबरलं होतं, बस.

द्यायचे ते गुण दिले.
बेरीज एकदाच केली.

नाही, दोनदा.