निळ्या दाराचं टपाल

एकशे चौदा पायऱ्या.
वाल्पराइसोच्या आमच्या टेकडीवरून खाली बेकरीपर्यंत
मी एकटा असलो तर चार मिनिटं, तीही शीळ घालत.
रायेन सोबत असली की अर्धी सकाळ.
(दोरावरची लिफ्ट गेल्या हिवाळ्यापासून बंद आहे.
दुरुस्तीची पाटीसुद्धा आता दुरुस्तीला आली.)

बावीस महिन्यांची बाई ही.
उचलून घेतलं की अंगाची मासोळी करते,
हात धरला की माझी बोटं सोडवते, एकेक, सावकाश,
जणू उसनी घेतलेली मोजून परत करते आहे.
उतरायचं ते स्वतः.
आधी बूड टेकायचं, मग पायाने खालची पायरी शोधायची,
मग मागे वळून वरचीला टाटा.
प्रत्येक पायरीला टाटा.
"एक, दोन, दोन, दोन..."
तिचं गणित दोनाशी येऊन बसतं,
आणि खरं सांगायचं तर
रात्रभर बंदरात कंटेनर मोजून आलेल्या मला
त्यात चूक काढावीशी वाटत नाही.

सव्विसाव्या पायरीवर तोर्नीयो आडवा पसरलेला,
साऱ्या गल्लीचा कुत्रा, म्हणजे कुणाचाच नाही.
त्याला ओलांडायचं नाही, असा नियम आहे.
कुणी केला ते विचारू नये.
शेजारी बसायचं, त्याच्या कानात काहीबाही सांगायचं,
तो एक डोळा उघडेल, मिटेल,
मग आपल्याला वाट मिळाली.

सिलिंडरवाला पान्याने टाक्या ठणठणवत वर चढतो.
रायेन भिंतीला चिकटते.
तो गेल्यावर मुठीने आपलंच पोट वाजवून बघते:
भरलेलं की रिकामं?

एकसष्टावी पायरी. निळं दार.
दाराला पत्रांची पितळी फट, बरोबर तिच्या नाकासमोर.
मी बुटाची नाडी बांधायला वाकलो, माझीच,
क्षणभर तिच्या हातात किल्ली दिली.
क्षणभरच.
आतून एक बारीक "टण्" आलं.

डोन एलिओदोरोंना कमी ऐकू येतं.
मी दार ठोठावलं, हाका मारल्या,
वरच्या खिडकीतून दोघींनी सल्ले दिले,
एकीने शिडीही देऊ केली, पण कशासाठी ते तिलाही माहीत नव्हतं.
रायेनने फटीशी तोंड नेलं. "आ-लो?"
आणि दार उघडलं.
(तिच्यामुळेच, असं मी म्हणणार नाही. ती म्हणेल.)

म्हातारबुवा बनियनवर, अर्ध्या गालाला साबण.
काही न बोलता आत गेले, बशी घेऊन आले.
बशीत आमची किल्ली.
शिवाय बाटलीची तीन झाकणं, बसचं तिकीट,
कुरतडलेलं बिस्किट,
यास्नाचं ते कानातलं, ज्यावरून आम्ही दोन दिवस अबोला धरला होता,
आणि समुद्रपक्ष्याचं एक राखाडी पीस.

"आधी वाटलं, उंदीर," ते म्हणाले.
"मग म्हटलं, उंदीर जाताना टाटा करत नाही."
साबण हनुवटीवरून ओघळत होता.
"विजेच्या बिलाखेरीज मला कुणी काही धाडत नाही हल्ली."

मी ओशाळून सगळं खिशात भरायला लागलो
तर त्यांनी पिसावर बोट ठेवलं.
"हे राहू दे. हे माझ्या नावावर आलंय."

उरलेल्या त्रेपन्न पायऱ्या उतरेस्तोवर
बेकरीतले गरम पाव संपले होते. गार घेतले.
चढताना ती खांद्यावरच झोपली,
पावाचं टोक दातांत, लाळ माझ्या कॉलरीत,
आणि तोर्नीयोला मी एकट्यानेच काहीतरी सांगितलं,
कारण नियम तो नियम.

संध्याकाळी यास्ना दवाखान्यातून आली,
बूट काढता काढता म्हणाली, काय केलंत दिवसभर?
पाव आणला, मी म्हटलं,
आणि कानातलं तिच्या तळहातावर ठेवलं.
खुलासा करू शकणारी व्यक्ती झोपली होती.

रात्री पांघरूण सारखं करताना
तिची मूठ सैल झाली, गादीवर काहीतरी घरंगळलं.
तपकिरी बटण. चार भोकांचं, जुन्या जाड कोटाचं.
आमच्या घरात असा कोट नाही.