वाकोल्यातलं व्याकरण

दलालाने दाखवलेली ही सातवी खोली.
आधीच्या सहांची माझा चेहरा पाहिल्यावर
कालच कुणाला तरी देऊन झाली होती.
गुप्ते काकूंनी साखळीइतकंच दार उघडलं,
चष्मा कपाळावर सरकवला.
"आपण कुठल्या?"
मी म्हणाले, इथिओपिया. गाव बाहिर दार.
"बाहेर दार?" त्या स्वतःशीच हसल्या,
साखळी काढली.
"मग आत या."

कालिन्याच्या वर्गात केळुसकर बाईंनी
फळ्यावर खडूने एक वर्तुळ काढलं.
"आम्ही," म्हणाल्या,
आणि ऐकणाऱ्याचा ठिपका वर्तुळाबाहेर दिला.
"आपण," म्हणाल्या, आणि तोच ठिपका आत घेतला.
"शिवाय परक्याला मान द्यायचा, तेव्हाही आपणच."
आमच्या अम्हारिकमध्ये एकच शब्द, इञ्ञा.
त्यात कोण आहे, कोण नाही,
ज्याचं त्याने ओळखायचं.
मी वहीत दोन्ही ठिपके काढले,
खाली लिहिलं: परीक्षेला नक्की.

वाकोल्यात विमानं इतकी खाली येतात
की अर्धं वाक्य तोंडात धरून थांबावं लागतं.
काकू डाव हवेत तसाच ठेवून थांबायच्या,
मग नेमक्या त्याच शब्दापासून पुढे.
मी मराठी अशी शिकले, मध्ये मध्ये भोकं असलेली.
अजून लायब्ररीत बोलताना मी मध्येच थांबते
आणि लोक समजतात, मला शब्द सापडत नाहीये.

एका सकाळी तव्यावर आंबोळी होती.
आंबलेल्या पिठाचा तो वास,
कडेपासून फुटत गेलेली जाळी.
आईच्या इंजेराचेही असेच डोळे उघडतात.
मी रडले. काकूंना वाटलं, मिरची लागली.
साखरेचा डबा पुढे केला.
मी चिमूटभर खाल्ली. काय सांगणार होते?
त्या दिवसापासून मी हिरुतची हिरू झाले,
"आपण"ची "तू".

रविवारी मोड आलेले वाल सोलायला बसलो होतो.
"दाबू नकोस उगाच. नुसतं चिमटीत धर,
त्यालाच बाहेर यायचंय."
माझे पहिले वीस कपाटाखाली उडाले.
तेवढ्यात सेक्रेटरी देवरुखकर आले, हातात कागद.
"काकू, आम्ही ठरवलंय. परदेशी भाडेकरू..."
मला फळा आठवला.
ठिपका कुठे असतो ते मला माहीत होतं.
मग विमान आलं.
तिघंही थांबलो,
ते तोंड उघडं ठेवून,
मी नखात वाल धरून.
आवाज विरला. काकूंनी मान वर केली नाही.
"आम्ही वाल सोलतोय, देवरुखकर.
कागद ठेवा तिथे."

आम्ही.
बाईंनी शिकवलं होतं, हा शब्द बाहेर काढतो.
बाई खोटं बोलल्या नव्हत्या,
फक्त त्यांचा ठिपका
वर्तुळाच्या आत बसून फळ्याकडे बघत नव्हता.

बिरडं झालं. सालं त्या कागदावरच गोळा केली.
त्यावर काय लिहिलं होतं, मी अजून वाचलेलं नाही.
सोमवारी दुसरी प्रत लिफ्टशेजारी लागली, टाचणीसह.
काकू जिन्याने जाऊ लागल्या.
म्हणाल्या, गुडघ्यांना व्यायाम.

रात्री आईचा फोन. जेवलीस का?
मी म्हटलं, हो, आज आम्ही एक वाल नावाचं
आणि अडखळले,
कारण अम्हारिकमध्ये ते फक्त इञ्ञा झालं.
आई म्हणाली, आम्ही म्हणजे कोण?
तिच्या मागे सरोवरावरचा वारा ऐकू येत होता.
आतून काकूंची हाक,
"हिरू, आपलं दूध उतू जातंय!"
मी गॅसकडे धावले, फोन कानाशीच,
सांगायला तोंड उघडलं
आणि वरून विमान गेलं.
आई तिकडे थांबून राहिली.