मुरू दे

घणसोलीत, तिसऱ्या मजल्यावर,
सुलक्षणामावशी चष्मा कपाळावर सारून सांगते :
पाच तारे देणाऱ्यांचं काय ऐकायचं गं,
एक तारावाला वाच,
त्याचा पट्टा तिसऱ्या दिवशी तुटलेला असतो.

पाऊल आधी जुन्या पेपरावर काढ, पट्टीनं मोज.
ओटीपी द्यायचा तो खोकं हातात आल्यावर.
फोडताना व्हिडिओ घे,
मागे कुकर शिट्ट्या मारेना का.

आणि लगेच घेऊ नकोस बाई.
कार्टमध्ये टाक, रात्रभर मुरू दे कैरीसारखं,
सकाळी निम्मी हौस उतरलेली असते.

पत्ता बदलून द्यायला मी तिचा फोन घेतला.
कार्टमध्ये एकच वस्तू :
बाजाची पेटी, साडेतीन सप्तकांची.

"दोन दिवाळ्या झाल्या,
उतरत नाही मेली,"
फोन परत घेत ती म्हणाली.

किमतीबद्दलच बोलत असावी.