खाल्लं मीठ

गिरगावातल्या रात्रीच्या कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावर,
कुलासो मॅडम फळ्यावर लिहितात
समुद्र : देवमाशाचा रस्ता.
देह : हाडांचं घर.
हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजांची कविता, म्हणतात,
शेवटी यमक नाही,
शब्दांची तोंडंच एकमेकांवर आपटतात, ढालीवर ढाल.
करून बघा तुम्ही.
कुरिअरवाली प्रणिता लिहिते, जिना : गुडघ्यांचा सावकार.
सगळे हसतात.
मी लिहितो, होज : पाण्याचा अजगर.
आणि खोडतो.

मग त्या लोकांची रीत.
लांबलचक लाकडी दालन, मध्ये जाळ, बाहेर थंडी.
सरदार सोनं वाटतो. शिपाई प्याला उचलून
सगळ्यांदेखत बोलून दाखवतो, उद्या मी काय करीन.
बोललेलं परत घेता येत नाही.
थोडक्यात, खाल्ल्या मिठाला जागणं,
मॅडम म्हणतात, आणि खडू बदलतात.

आमचं दालन म्हणजे बंदरामागच्या फायर स्टेशनचं कँटीन.
दसऱ्याला बंबाला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू,
शिलिमकर साहेब एकेकाच्या हातात आपट्याचं पान ठेवायचे,
"घे सोनं. आधी जिवंत राहा, मग सोन्यासारखा राहा."
बोलून दाखवायचो आम्हीही, कटिंगवर कटिंग :
साहेब, तुमच्यापुढे एक पाऊल, मागे नाही.
इब्राहिम मुकादम तेवढा बोलायचा नाही.
श्रीवर्धनचा. बशीत चहा ओतून फुंकत बसायचा.

घंटा घणघणली, घास घशातच.
बूट, बक्कल, बंब बाहेर.
दाणाबंदर, धूर दाट, दिसेना दार.
रंगाचं गोदाम, रसायनं, रात्र राखेची...
इथं माझी अक्षरं जुळायची थांबतात.

तिसरं पिंप फुटलं तेव्हा साहेब आत होते.
सत्तावन्न वर्षांचे. निवृत्तीला अकरा महिने.
आम्ही सात जण बाहेर आलो.
पळालो, असं चौकशीच्या कागदात नाही.
कागदात आहे : सुरक्षित अंतरावर माघार.
होजचं तोंड एकट्याला पेलत नाही,
पाणीच माणसाला मागे ढकलतं.
इब्राहिम ते पोटाशी धरून
वळला, आत गेला.

"म्हातारा राजा शेवटची लढाई लढतो," मॅडम सांगतात,
"सोबती रानात पळतात. एकच थांबतो."
"पळालेल्यांचं काय होतं?" मी विचारतो.
मॅडम पुस्तक मिटतात, बोट आत ठेवून.
"कवी त्यांना नावं ठेवतो.
पण त्यांची नावं ठेवत नाही."

आणि माणसाच्या जिवाची तिथं किंमत ठरलेली असे.
ज्यानं मारलं त्यानं मोजायची.
आमच्याकडे चेक आला, फोटो निघाले.
इब्राहिमच्या आईनं आकडा दोनदा वाचून घेतला,
मग मला विचारलं,
"हे कुणाकडून? ज्यानं मारलं त्याच्याकडून?"

रविवारी एक्सरला गेलो, वीरगळ बघायला.
दगडात गलबतं, वल्ह्यांची रांग,
खाली पाण्यात पडलेली माणसं,
वर अप्सरा त्यांना उचलून नेताहेत.
अंगभर शेंदूर. नाव कुणाचंच वाचता येत नाही.
मी खूप शोधला
लढाईकडे पाठ करून उभा असलेला एखादा.
कोरणाऱ्यानं त्याच्यासाठी छिन्नीच उचलली नव्हती.
समोरच्या घरातून बाई ओरडली,
देवाचं आहे, चप्पल काढा.
काढली.

परीक्षेत आलंच : वीरवृत्ती म्हणजे काय? दहा गुण.
बाकीच्यांनी सोनं, दालन, कीर्ती, समुद्रकाठची समाधी,
पुरवण्यांवर पुरवण्या.
मी लिहिलं,
होजच्या तोंडाला दोन माणसं लागतात.
दुसरी जागा माझी होती.

पेपर परत मिळाला तेव्हा
समासात लाल शाईत एकच शब्द :
संदर्भ?