अनोळखी टेप

चोपड्याहून धुळ्याला आणल्या
बावीस टेपा, केळीच्या खोक्यात,
कोरड्या पंच्यात गुंडाळून.
बाहेर शेहेचाळीस.
एसटीत खोकं मांडीवर.
कंडक्टर म्हणे, काय शे यामा?
म्हटलं, पतपेढीची अकरा वर्षं.

इथल्या सर्व्हरनं पहिली गिळली,
घरघरला,
आणि लिहिलं: अनोळखी.

डेटा सगळा तिच्यातच,
पण कुठं काय आहे ती यादी
चोपड्याच्या मशीनमध्ये राहिली.
म्हणजे आता आधी नुसतं वाचायचं,
पहिल्यापासून शेवटापर्यंत,
एकेकीला चार तास.

सातवीवर लोटनदादाचं बॉलपेन:
हाई जपीसन ठेवजो.
आत काय, ते लिहिलं नाही.
दादा निवृत्त. फोन लागत नाही.

पहाटे तीनला ती आत ढकलली.
खोक्याला अजून
केळीच्या चिकाचा वास.