तृतीय सोपान

राजहंसगडावर त्या रात्री
तंबूची एक खुंटी रुतेना.
होनगेकर सर म्हणाले, दगडालाच बांधा.
दोरी माझी, गाठ ईरण्णाची,
आणि खालून येळ्ळूरच्या शिवारातला
पिकत्या बासमतीचा वास.

आमचा भात मात्र करपला.
हुकूम हिंदीत यायचे, शिव्या कन्नडात.
पातेलं घासताना
कुठलीच भाषा लागली नाही.

जत्रेत चपला राखल्या:
तीनशे बारा जोड. एकच हरवला,
तो नेमका पंचायतीच्या चेअरमनचा.
ईरण्णाने पायातले कॅनव्हासचे बूट काढून
पुढे केले.
त्यांना अंगठासुद्धा शिरेना.

फेब्रुवारीत प्रमाणपत्र आलं.
कडेने सोनेरी वेल, मजकूर सगळा कन्नड.
आई शिक्क्यावरून बोट फिरवत राहिली.
मग ईरण्णा उंबऱ्यावर बसून
तिला मराठीत वाचून दाखवू लागला:
कल्लाप्पा मोदगेकर याने
ओढ्याला लोंढा आला तेव्हा
हौसाक्काची गाभण शेळी
खांद्यावर घेऊन पैलतीरी नेली...
आईने मध्येच थांबवून
शेळीचं पुन्हा वाचायला लावलं.

डेपोत नोकरीला लागल्यावर
मी कन्नड शिकलो.
परवा ट्रंकेतून तो कागद काढला.
नाव, तारीख, उत्तीर्ण.
बस्स.

शेळी ईरण्णाने नेली होती.
मी काठावर
कंदील धरून उभा होतो,
आणि तोही विझला होता.

आई अजून पाहुण्यांना
शेळीपासूनच सुरुवात करते.